पाणी चढत असताना निर्णय कसा घ्यावा: लष्करी पद्धतीतलं काय वापरावं, काय सोडून द्यावं

प्रश्न असा आहे: नदीकाठच्या गावात आपत्ती व्यवस्थापन समिती आहे. दर पावसाळ्यात पाणी चढू लागलं की बैठक बसते, बोलणं होतं, पण गाव हलवायचं की थांबायचं हे शेवटच्या घटकेपर्यंत ठरत नाही. लष्करात अशा वेळी निर्णय घेण्याची काही ठरलेली रीत असते का, आणि ती गावात चालेल का?

रीत आहे, आणि तिचा बराचसा भाग गावात चालतो. लष्करी अधिकारी संकटात झटपट निर्णय घेतो असं बाहेरून दिसतं, कारण त्यातला अवघड भाग त्याने आधीच उरकलेला असतो. काय घडलं की काय करायचं, कुणी करायचं आणि कुठल्या क्षणानंतर तो पर्याय हातातून जातो, हे शांत डोक्याने लिहून ठेवलेलं असतं. ऐन वेळी तो मुख्यतः अट पूर्ण झाली का ते पाहतो. म्हणून ‘काय करायचं’ याच्या आधी ‘कधीपर्यंत ठरवायचं’ हा प्रश्न घ्या. गावांच्या बैठकी इथेच फसतात.

२७ ऑक्टोबर १९४७ ला १ शीख पलटणीचे जवान डाकोटा विमानांतून श्रीनगरला निघाले, तेव्हा तिथली धावपट्टी आपल्याकडे आहे की टोळीवाल्यांच्या हाती पडली आहे, याची दिल्लीत कुणालाच खात्री नव्हती. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांना मिळालेल्या आदेशात त्याची सोय केलेली होती: आधी विमानतळावर घिरट्या घालून पाहा, शंका आली तर तिथे उतरू नका, जम्मूला उतरा. माहिती अपुरी होती म्हणून मोहीम थांबवली नाही. अपुऱ्या माहितीचं काय करायचं, ते निघण्यापूर्वी ठरवलं.

याच्या उलट चित्र २४ डिसेंबर १९९९ चं. अपहरण झालेलं आयसी-८१४ विमान अमृतसरच्या धावपट्टीवर पाऊण तासाहून थोडं अधिक उभं होतं. ते तिथेच रोखण्याची ती सर्वांत चांगली संधी होती. दिल्लीतला निर्णय आणि धावपट्टीवरची कृती यांची गाठ पडायच्या आत विमान लाहोरकडे उडालं. अशा प्रसंगांत माणसं मूर्ख नसतात. अधिकार कुणाचा, मुदत किती आणि मुदत संपली तर आपोआप काय व्हायचं, या तीन गोष्टी आधी ठरलेल्या नसतात.

आता गावाचा हिशेब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे स्वतः मोजून घाला.

समजा २४० माणसं आणि ९० मोठी जनावरं हलवायची आहेत. ट्रॉलीसह ३ ट्रॅक्टर आहेत. एका ट्रॉलीत २० माणसं, एक फेरी जाऊन-येऊन अर्धा तास. म्हणजे १२ खेपा, प्रत्येक ट्रॅक्टरला ४, एकूण २ तास. जनावरं एका ट्रॉलीत ५, चढवायला-उतरवायला वेळ लागतो म्हणून फेरी ४० मिनिटांची. १८ खेपा, प्रत्येक ट्रॅक्टरला ६, एकूण ४ तास. दवंडी, निरोप, सामान बांधणं आणि माणसं चौकात जमणं याला २ तास. बेरीज ८ तास. यावर निम्मी वाढ धरा, कारण एक ट्रॅक्टर बंद पडतो, एक म्हातारी शेवटच्या क्षणी घरात परत जाते, एक म्हैस ट्रॉलीत चढतच नाही. झाले १२ तास.

आता रस्ता. गावाचा रस्ता नदीच्या मोजपट्टीवर ४० फुटांना पाण्याखाली जातो असं धरा. ट्रॅक्टर ३९ ला थांबवायचे, कारण वाहत्या पाण्याला फूटभर खोलीतही छोटी गाडी ढकलण्याइतका जोर असतो आणि दोन फुटांत जड वाहनाचाही भरवसा राहत नाही. पाणी ४ तासांत १ फूट चढत असेल, तर १२ तासांत ३ फूट चढेल. ३९ मधून ३ गेले, ३६ उरले. तुमच्या गावाचा निर्णयाचा आकडा ३६ फूट. त्या आकड्याला बैठक भरवायची नाही, ट्रॅक्टर सुरू करायचे.

रात्रीचा विचार वेगळा करा. अंधारात सगळ्या कामांना जास्त वेळ लागतो आणि वाहत्या पाण्याची खोली दिसत नाही. म्हणून दुसरी अट जोडा: सकाळी ८ च्या नोंदीवरून पुढच्या पहाटेआधी ३६ फूट गाठले जाणार असं दिसलं, तर ३६ ची वाट न पाहता सकाळीच सुरुवात करायची. अंधार पडेपर्यंत जवळपास तेवढेच तास हातात असतात. तिसरी अट चढण्याच्या वेगाची. वेग दुप्पट झाला की १२ तासांत ६ फूट पाणी येईल, मग आकडा ३६ चा ३३ होतो. हा तक्ता मे महिन्यात करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येतो. पावसाच्या माऱ्यात, फोन वाजत असताना असली गणितं करायला बसू नये.

सांगलीच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. हे आकडे महत्त्वाचे आहेत, पण ते त्या जागेचे आहेत. तुमची वेस, तुमचा ओढा, तुमच्या शिवारातला सखल पट्टा यांना ते लागू पडतीलच असं नाही. काही गावांचा रस्ता इशारा पातळीच्या आधीच बंद होतो. ‘अजून इशारा पातळी कुठे आलीय’ म्हणून थांबलेलं गाव बेट होऊन बसतं. आयर्विन पुलावर किती फूट असताना आपला रस्ता बुडतो, हे जुन्या पुरांच्या खुणा आणि वयस्क माणसांच्या आठवणी जुळवून काढा.

२०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या महापुराची खूण ५३ फुटांच्या आसपास होती आणि पाणी त्यापलीकडे जाणार नाही असं धरून अनेक जण पहिल्या मजल्यावर थांबले. लष्करी नियोजनात शत्रूच्या दोन चाली मांडतात: सर्वांत संभाव्य आणि सर्वांत घातक. योजना पहिलीसाठी करतात, पण दुसरी घडली तर निसटायची वाट उघडी ठेवतात. गावाने हेच करावं. मागचा सर्वांत मोठा पूर ही संभाव्य चाल. त्याहून ५ फूट जास्त ही घातक चाल. निवाऱ्यासाठी निवडलेली शाळा दुसऱ्या हिशेबातही कोरडी राहते का, ते पाहा.

रस्ता बंद झाल्यावर उरते बोट. चालक आणि मदतनीस सोडून रबरी बोटीत ८ माणसं धरली तर २४० माणसांना ३० खेपा. एक खेप ४० मिनिटांची म्हटली तरी एका बोटीला २० तास, आणि जनावरं जात नाहीत ती नाहीतच. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून गावकऱ्यांचे जीव गेले. बोटीत क्षमतेहून जास्त माणसं होती. पाणी चहूबाजूंनी वेढतं आणि बोट एकच असते, तेव्हा काठावरच्या माणसाला ‘तू पुढच्या खेपेला ये’ म्हणणं अत्यंत कठीण असतं, कारण पुढची खेप होईल का हे कुणालाच ठाऊक नसतं. गर्दी आवरण्याचा खरा इलाज आदल्या दिवशीचा ट्रॅक्टर आहे. तरीही बोट वापरावीच लागली, तर चढवणारा माणूस आणि चालवणारा माणूस वेगळा ठेवा. चढवणाऱ्याने मोठ्याने मोजायचं, ८ झाले की दोर सोडायला सांगायचं, आणि लाइफ जॅकेट नसलेल्याला बसू द्यायचं नाही. जॅकेटं किती आहेत, तीच बोटीची क्षमता समजा.

एवढ्यावर वेळेचा प्रश्न सुटतो. पर्यायांमधून निवड कशी करायची, त्यासाठी लष्करात परिस्थितीचं मूल्यमापन शिकवतात. त्याला ‘अ‍ॅप्रिसिएशन’ म्हणतात. क्रम असा: उद्देश एका वाक्यात, मग परिणाम करणारे घटक (जमीन, हवामान, वेळ आणि अंतर, शत्रूची ताकद, आपली साधनं), मग खुले पर्याय, त्यातला एक, आणि मग योजना. प्रत्येक घटकानंतर स्वतःला विचारायचं: तर मग काय? ‘ओढ्यावरचा पूल जुना आहे.’ तर मग काय? ‘भरलेली ट्रॉली एका वेळी एकच न्यायची, म्हणून फेरीला १० मिनिटं जास्त.’ ज्या घटकातून असा निष्कर्ष निघत नाही, तो कागदावरून खोडायचा. बैठकीत तासभर चालणारं बरंचसं बोलणं या चाळणीतून खाली पडतं.

राजस्थानच्या सीमेवरच्या लोंगेवाला चौकीचा निर्णय या रीतीने उलगडून पाहण्यासारखा आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री गस्ती तुकडीने रणगाड्यांच्या आवाजाची खबर दिली. चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबची एक कंपनी होती, सुमारे १२० जवान. समोर रणगाड्यांसह दोन हजारांवर पाकिस्तानी सैन्य. मदत लगेच पोहोचण्यासारखी नव्हती. जैसलमेरची हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती. थांबायचं की मागे यायचं, हे त्यांच्यावर सोपवलेलं होतं.

नुसती संख्या पाहिली तर माघार शहाणपणाची वाटते. घटक मांडले की चित्र बदलतं. वाहनं नाहीत, म्हणजे माघार पायी. पायी चालणारी कंपनी उघड्या वाळवंटात रणगाड्यांना सापडली तर काहीच आडोसा नाही. चौकी उंचवट्यावर आहे आणि भोवती मऊ वाळू आहे, जिथे वाहनं रुततात. वेळ आपल्या बाजूला आहे, कारण उजाडलं की विमानं येणार. म्हणजे शत्रूला हरवायची गरजच नाही, पहाटेपर्यंत तग धरायची आहे. उद्देश असा आवळून घेतला की १२० माणसांचं काम अशक्य राहत नाही. जवानांनी रणगाडे जवळ येईपर्यंत मारा राखून धरला, पुढचे रणगाडे काटेरी तारांपाशी सुरुंगाच्या संशयाने अडखळले, आणि सकाळी हंटर विमानांनी उघड्यावर सापडलेल्या रणगाड्यांची वाट लावली. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं.

यातून ‘थांबून लढावं’ असा धडा काढणं धोक्याचं आहे. लोंगेवालात वेळ बचाव करणाऱ्यांच्या बाजूने होती. पुरात वेळ पाण्याच्या बाजूने असते. तिथे तग धरणं बरोबर होतं, त्याच तर्काने इथे लवकर निघणं बरोबर ठरतं. घ्यायची ती विचाराची रीत. निघालेलं उत्तर प्रत्येक जमिनीवर वेगळं येतं.

आलेल्या प्रत्येक खबरेबद्दल थोडं कडक राहा. पहिली खबर बहुधा अर्धवट असते आणि घाबरलेल्या माणसाकडून आली असेल तर फुगलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘धरण फुटलं’ हा निरोप दर पुरात फिरतो. प्रत्येक खबर वहीत तीन खुणांपैकी एकीसह लिहा: पाहिलं, ऐकलं, अंदाज. सोबत वेळ, ठिकाण आणि सांगणाऱ्याचं नाव. ‘पाहिलं’वर थेट कृती करता येते. ‘ऐकलं’ असेल तर दोन माणसं पाठवून तपासा. ‘अंदाज’ लिहून ठेवा, त्यावर ट्रॅक्टर वळवू नका. वहीचे चार रकाने पुरतात: वेळ, कुणाकडून, काय, काय केलं. धरणाच्या विसर्गासाठी जलसंपदा विभागाच्या पूर नियंत्रण कक्षाचा आकडा धरा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. कोयनेतून सुटलेलं पाणी तुमच्या गावापर्यंत किती तासांत येतं, हे उन्हाळ्यातच विचारून तक्त्याशेजारी लिहा.

अट जवळ येऊ लागली की पूर्ण योजना तयार होण्याची वाट पाहू नका. लष्करात आधी तयारीचा इशारा जातो, वॉर्निंग ऑर्डर. त्यात तपशील नसतो. ‘सकाळी ८ नंतर कधीही हलावं लागेल. ट्रॅक्टरात डिझेल भरा, दावी मोकळी ठेवा, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत.’ एवढंच. प्रमुख विचार करत असताना बाकीचे रिकामे बसत नाहीत. याच्याच जोडीचा नियम: हातात असलेल्या वेळेचा एक तृतीयांश भाग वरच्याने घ्यायचा, दोन तृतीयांश खालच्यांसाठी सोडायचा. कृतीला ६ तास उरले असतील तर समितीला २ तास. गावात सहसा उलटं होतं: समिती ५ तास घेते आणि ट्रॅक्टरवाल्याला १ तास उरतो.

हुकुमाचे पाच भाग ठरलेले असतात: खबर, मकसद, तरीका, इंतजाम, कमान-संपर्क. गावच्या भाषेत तो असा होईल:

‘पाणी ३६ ला आहे, ४ तासांत फूटभर चढतंय. रस्ता रात्रीपर्यंतच चालू राहील. आज अंधाराआधी खालच्या आळीतलं प्रत्येक माणूस आणि जनावर माळावरच्या शाळेत पोहोचलं पाहिजे. पहिला ट्रॅक्टर नदीकडच्या टोकापासून, दुसरा मधल्या गल्लीतून, तिसरा शाळेपाशी राखीव, सांगितल्याशिवाय हलायचा नाही. आधी आजारी, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं, मग गुरं, मग बाकीचे. जेवण आणि चारा शाळेत. मी ग्रामपंचायतीत आहे. माझा फोन लागला नाही तर उपसरपंच बोलतील ते अंतिम. दोघेही नाही सापडलो, तर अंधाराआधी सगळे शाळेत, एवढं धरून तुम्ही ठरवा.’

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. पुरात मोबाइल टॉवर बंद पडतात. उद्देश ठाऊक असलेला ट्रॅक्टरवाला पूल वाहून गेला तरी दुसरी वाट शोधतो. फक्त मार्ग सांगितलेला ट्रॅक्टरवाला पुलाशी थांबून फोन लावत बसतो.

हुकूम दिल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका. सगळे हो म्हणतात. प्रत्येकाकडून त्याचं काम त्याच्या शब्दांत वदवून घ्या. एका मिनिटात चुका बाहेर येतात: दोघांना तीच गल्ली आपली वाटत असते आणि एक गल्ली कुणाचीच नसते.

गुरं बाकीच्या माणसांच्या आधी का? दावणीला जनावर ठेवून घरातला कर्ता निघत नाही, आणि तो निघाला नाही तर घर निघत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर हे वारंवार दिसलं आहे. ‘आधी माणसं’ हे कागदावर योग्य दिसतं आणि प्रत्यक्षात गाव अडकवतं.

तिसरा ट्रॅक्टर राखीव ठेवला, मग ‘३ ट्रॅक्टर, ८ तास’ हा हिशेब चुकतो, हे लक्षात आलं असेल. तो शेवटपर्यंत राखीवच राहिला, तर जी निम्मी वाढ धरली होती तिच्यातला मोठा वाटा इथे जातो. नियम असा ठेवा: पहिल्या दोन फेऱ्या दोन ट्रॅक्टरवर, अडचण दिसली नाही तर तिसरा कामाला लावायचा आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी राखीव करायचं, एखादी जीप किंवा चार पोहणारी पोरं आणि ५० मीटर दोर. राखीव काहीच उरलं नाही की पुढच्या अनपेक्षित घटनेवर प्रमुखाकडे फक्त ओरडणं उरतं.

प्रमुखाने दोर ओढायला जाऊ नये. लोकांना ते आवडतं, फोटोही निघतो, पण त्या वेळात वही आणि पाण्याची पट्टी कुणी पाहत नसतं. आणि झोप. सलग १७-१८ तास जागलेल्या माणसाची समज आणि प्रतिक्रिया दारूचा अंमल असल्यासारखी मंदावते, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. पलटणीत दुसरा अधिकारी नेमलेला असतो तो यासाठीही. सरपंच आणि उपसरपंच यांनी ८-८ तासांच्या पाळ्या लावाव्यात. पाळी बदलताना वहीतल्या शेवटच्या १० नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि पुढची अट कोणती ते सांगायचं.

ठरलेला हुकूम बदलायचा असेल तर एकच कारण चालेल: पाहिलेली नवी वस्तुस्थिती, जी लिहिलेली अट ओलांडते. कुणीतरी मोठ्याने बोललं, पाहुण्यांचा फोन आला, शेजारचं गाव अजून हललं नाही, ही कारणं नव्हेत. हुकूम दोनदा फिरला की तिसऱ्यांदा कुणी हलत नाही.

आता जे उचलू नये ते. गावकरी जवान नाहीत. सरपंच कुणाला हुकमाने घराबाहेर काढू शकत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खालचे अधिकार जिल्हा प्राधिकरणाकडे आहेत आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. जो हलायला नकार देतो त्याच्याशी तासभर वाद घालू नका. त्याच्या भावकीतला एक माणूस त्याच्याशी बोलायला लावा, नाव वहीत लिहा, पुढे चला आणि शेवटच्या फेरीला परत या. शिवाय ‘लष्कर बोलवा’ ही गावाची योजना असू शकत नाही. लष्कर नागरी प्रशासनाने मागणी केल्यावर येतं, गावाच्या फोनवर नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ५ वी तुकडी पुण्याजवळ आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही पुरांत पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला होता. पहिले २४ तास आपल्या साधनांवर काढायचे, असं धरूनच हिशेब मांडा.

परतीचा निर्णयही अटींनीच बांधा, कारण तिथे दक्षता सैल पडते. पाणी उतरू लागलं की लोक निघू पाहतात, आणि धरणाचा विसर्ग वाढला की पट्टी पुन्हा चढते. पट्टी सलग २४ तास उतरती, विसर्ग वाढणार नसल्याचा पूर नियंत्रण कक्षाचा निरोप, आणि महावितरणच्या माणसाने गल्लीची लाइन तपासल्याची वहीत सही: या तिन्ही झाल्यावर आधी प्रत्येक घरचा एक माणूस, दिवसाउजेडी, काठी घेऊन, सापासाठी कोपरे पाहत. मुलं आणि म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी. त्यानंतरच्या दोन दिवसांत समितीने ट्रॅक्टरवाल्यांसह बसून वही वाचावी: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, काय बदलायचं. सरपंचाने शेवटी बोलावं, नाहीतर बाकीचे त्यांचीच री ओढतात. ठरलेल्या प्रत्येक बदलापुढे एक नाव आणि मे महिन्यातली एक तारीख लिहा, आणि फेरीचा खरा वेळ किती लागला तो आकडा भिंतीवरच्या तक्त्यात दुरुस्त करा.